टाळ्या खूप पडल्या

ती. आईस,
धाकटीचा नमस्कार. मी मजेत आहे, वजनही वाढलंय, तेव्हा ती काळजी सोड. तुझी पाठ काय म्हणते? बाबा अजून रेडिओशी भांडतात का?

इथे संगीत विभागात परीक्षेच्या मैफली चालू आहेत. गाणाऱ्या सगळ्यांना पियानोच्या साथीला मीच हवी असते. "तू आहेस म्हणून निभावतं गं," असं सर म्हणाले की नाही म्हणायची सोयच उरत नाही. मग बिनखिडकीच्या खोलीत दिवसभर दुसऱ्यांच्या गाण्यांचा सराव. सुट्टीतही येणं जमेलसं दिसत नाही, रागावू नकोस.

टाळ्या पडल्या की साथीदाराने आपणहून उठायचं नसतं. गाणाऱ्याने हात केला की मगच उठून वाकायचं, अशी इथली रीत.

काल माझी स्वतःची मैफल झाली. एकटीची. एकही सूर चुकला नाही. टाळ्या खूप पडल्या, आणि मी आपली स्टुलावर बसून कोणी हात करतंय का बघत राहिले. टाळ्या थांबल्या तरी मी बसलेलीच.

बाबांना टाळ्यांचं तेवढं सांग.

तुझीच,
धाकटी