दिवा धरून बघितला

शनिवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

साष्टांग बिष्टांग काही नाही, नुसता नमस्कार. भाऊजींना आणि पोरींना आठवण सांग. आप्पा तुझ्याकडे नीट पोचले हे भाऊजींच्या मेसेजवरून कळलं. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर मी ओरडेन, तू रडशील आणि आप्पा शेजारी बसून सगळं ऐकतील. वाचून झालं की पत्र फाडून टाक.

त्यांनी तुला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. "काही नाही गं, करमेना म्हणून आलो." हो ना? आता माझ्याकडून ऐक.

येत्या सोमवारी माझं चित्र प्रदर्शनात जायचं होतं. इतकी वर्षं पाठवतेय, पहिल्यांदाच निवड झाली होती. चित्र म्हणजे नुसती एक भिंत. मोठ्या प्लायवुडवर वाळू, भुसा, डिंक, चुना यांचे थरावर थर दिलेले. उघड्या विटा, सांध्यांतून बाहेर आलेलं सिमेंट, हात फिरवला तर सालटं निघेल अशी. रंग जवळजवळ नाहीच. जे काय म्हणायचंय ते सगळं पोतात. त्या खरखरीतपणासाठी बोटांची कातडी घालवलीय मी!

गुरुवारी चित्रकलेचे तास आटोपून शाळेतून घरी आले, तर आप्पा हात धूत होते. चेहरा असा खुललेला की विचारू नकोस. "आत जाऊन बघ जा." बघते तर काय, अर्ध्याहून जास्त भिंत गुळगुळीत! आधी पॉलिश पेपरने घासली, मग वर लांबी, म्हणजे ती रंगाआधीची पुट्टी, भरली आणि थापीने ओढली. कपाळ बडवू नको तर काय करू? चोर आला असता तरी परवडलं असतं, त्याने निदान चित्र होतं तसं नेलं असतं.

"अहो, हे काय केलंत?" म्हटलं, तर म्हणतात, "ओळखली मी. आपल्या स्वयंपाकघरातली, ओट्यामागची. तुझी आई जन्मभर टोमणे मारत गेली, जगाच्या घरांना गिलावा करता आणि आपली भिंत उघडी. म्हटलं, आता तरी होऊन जाऊ दे."

ताई, ती कुठली भिंत ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. निवड करणाऱ्यांनी तिच्यात काय काय बघितलं, देव जाणे. ओळखली एकट्या आप्पांनी, आणि ओळखून सपाट केली. आता हसू की रडू ते तूच सांग.

मग मी जरा बोलले. जाऊ दे ते. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून ते निघाले, मी दार लावून घेतलं.

ते गेल्यावर लांबी खरवडायला बसले. कुठे किती चढलीय ते कळावं म्हणून दिवा भिंतीला टेकवून आडवा धरला. आठवतं ना, गिलावा झाला की आपल्या दोघींना दिवा धरायला न्यायचे? "समोरून सगळ्याच भिंती सरळ दिसतात, बाजूने बघा." एक लाट दिसली तर सगळा गिलावा उतरवायचे.

लाटाच लाटा आहेत गं. बारीक बारीक, एकीला लागून एक. थापी कुठेच स्थिर राहिलेली नाही. कधीपासून थरथरतोय त्यांचा हात? तुला माहीत होतं? माहीत असून मला बोलली नसशील तर तुझ्याशीही भांडायचंय मला. इथे रोज अर्धाच कप चहा मागायचे. मला वाटलं, कमी केला असेल. डोळे फुटले होते का माझे?

आणि मी काय बोलले, लिहायचं नव्हतं, तरी लिहिते. म्हटलं, "आप्पा, तुमच्या हातात आता काही राहिलेलं नाही, गप बसून राहत जा." नेमकं तेच सापडलं माझ्या तोंडाला. त्यांनी थापी पुसून पिशवीत ठेवली.

मी खरवडलं नाही. चित्र येत नाही असं प्रदर्शनाला कळवून टाकलं. राग गेलाय असं मात्र समजू नकोस. येता-जाता ते गुळगुळीत प्रकरण समोर दिसतं आणि मी दातओठ खाते. अशी संधी काय रोज येते?

खालचा कोपरा तसाच राहिलाय. तो कधी पुरा करताय म्हणून विचार त्यांना, सहज विचारल्यासारखं.

आणि आज ना उद्या ते तुला विचारतीलच, दुसरीकडे बघत, की धाकटीने दिवा धरून बघितला का. हो म्हण. बघितला म्हणावं, कुठे एक लाट नाही. फाडायच्या आधी एवढं वाक्य पाठ कर, तुला धड खोटं बोलता येत नाही.

तुझी,
अजून चरफडणारी धाकटी