सुमंतचा डावा पाय

पुणे, ४ जानेवारी १९४७

चि. सौ. सुचित्रास अनेक आशीर्वाद.

नगरच्या सर्जनांचे पत्र आले. सुमंतच्या उजव्या नडगीचे हाड पाच महिन्यांत सांधले नाही, यात तुझी हयगय नाही. नडगीच्या खालच्या भागाला रक्त मुळातच बेताचे, त्यात हाडात शिरणारी रक्तवाहिनी तुटलेली. आता डाव्या पायातल्या बाहेरच्या बारीक हाडाचा मधला तुकडा काढून तिथे बसवतील. वरचे टोक सोडतात. गुडघ्याखाली, कातडीलगत, एक मज्जातंतू त्या हाडाला वळसा घालून जातो. पाऊल वर उचलले जाते ते त्याच्यामुळे. सुमंतला डाव्या पायाचा अंगठा वर ओढायला सांग आणि कळव. मागचे पत्र तुझ्या अश्रूंनी निम्मे पुसले होते. या वेळी आधी लिही, मग रड.

तुझी वन्सं,
सरोजिनी

कोल्हार, ८ जानेवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

अंगठा हलत नाही. पाऊल लोंबते. लंगडी घालत ओट्यावर जाताना सुमंत पडला, डावा गुडघा दुखावला, तेव्हा तुम्ही लिहिले होते की आता डावा पाय जपायचा, फळीला बांधून ठेव, सोडू नकोस. मी गुडघ्याखाली पट्टा घट्ट बांधला. सहा आठवडे सोडला नाही. पावलाला मुंग्या येतात म्हणाला, तर मीच दटावले की आत्या डॉक्टर आहे, तू नाहीस. आता मुंग्याही येत नाहीत. हे म्हणतात, ताईला कळवू नकोस, रागावेल. तरी लिहिते. माझ्या हातून काय झाले?

आपली,
सुचित्रा

पुणे, १० जानेवारी

चि. सौ. सुचित्रास आशीर्वाद.

वाचताक्षणी पट्टा सोड. पाऊल उशीला टेकवून काटकोनात ठेव. दाबलेला तंतू काही महिन्यांनी जागा होतो. कधी होतही नाही. खोटा धीर देत नाही. चूक माझी. कुठे बांधायचे, रोज केव्हा सोडायचे, हे मी लिहायला हवे होते. तीस वर्षे हुकूम सोडले. उलट विचारायची सवय कुणाला लावली नाही. त्या पायाला आता सुरी लागणार नाही. कमरेचे हाड घ्यावे असे सर्जनांना लिहिले आहे, माझी चूकही लिहिली आहे. होकार मात्र सुमंतच्या हातचा हवा.

सरोजिनी

कोल्हार, १३ जानेवारी

ती. आत्यास कृतानेक नमस्कार.

पट्टा निघाला; पाऊल पडलेलेच आहे. तुमच्या पत्रात ओरडा सापडेना म्हणून आईने ते चारदा वाचले, मग बाबांना वाचायला लावले.

मला राग आहे. तुमच्यावर किती आणि स्वतःवर किती, ते ठरत नाही. बावीस वर्षांचा मी. गाठ माझ्या हाताशीच होती. कमरेचे हाड घ्यायला माझा होकार आहे. सतरा तारखेला नगरला बोलावले आहे. तुम्ही या. फक्त मी दुखते म्हणालो की तुम्ही तेव्हाच्या तेव्हा पाहाल, एवढे कबूल करून या.

लोभ आहे, तो राहू द्यावा.

सुमंत