ठेंगण्या गाडीला एका संध्याकाळची परवानगी

प्रति,
मा. मोटार वाहन निरीक्षक साहेब,
फिरता तपासणी कॅम्प,
मुक्काम परभणी.

अर्जदार : सूर्यभान लिंबाजी वाव्हळ, धंदा नोकरी (कारकून), राहणार चुडावा, जि. परभणी.

विषय : स्प्रिंगा कापून खाली बसविलेली व जादा दिवे लावलेली माझी लहान फियाट मोटार शनिवार दि. २९ एप्रिल १९७८ रोजी सायंकाळी, चुडावा स्टेशन ते बुद्धविहार एवढ्याच रस्त्यावर चालवू देणेबाबत.

संदर्भ : (१) आपण रस्त्यावर दिलेला तपासणी मेमो. (२) माझा पहिला अर्ज, जो ‘कारण अपुरे’ असा शेरा होऊन परत आला.

महोदय,

सविनय सादर करतो की, पहिल्या अर्जात ‘वाहनात बदल करण्याचे कारण’ या रकान्यात मी ‘आई’ एवढेच लिहिले होते. त्यावरील आपला शेरा योग्यच आहे. मी स्वतः सरकारी कचेरीत कारकून असून, माझ्या टेबलावर असा रकाना आला असता तर मीही तोच शेरा मारला असता. म्हणून आता कारण पुरेसे लिहितो. लांबले तर राग मानू नये. वरात शनिवारवर आली आहे आणि माझे चित्त ठिकाणावर नाही. हा अर्ज लिहिताना मी मधूनमधून उठून अंगणात जातो, गाडी पाहतो, परत येतो, आणि वाक्य कुठवर आले होते तेच विसरतो.

१. माझी आई दगडाबाई हिने उमेदीची सगळी वर्षे गावातल्या मोठ्या घरांच्या वरातींत ग्यासबत्ती डोक्यावर वाहिली. आपण शहरात वाढलेले असाल तर खुलासा करतो. आमच्याकडे विजेचे खांब चावडीपाशी संपतात. स्टेशनचा रस्ता कालही अंधारात होता, आजही आहे. म्हणून वरातीच्या दोन्ही अंगांनी बाया डोक्यावर पेटलेले ग्यास घेऊन चालतात. त्या बाया कोणत्या वस्तीतून येतात हे आपणास सांगावे लागू नये. ग्यास डोक्यावर असला की मान हलवायची नाही. हलली तर बत्तीतली जाळी गळते, काच तडकते आणि शिव्या खाव्या लागतात. आईची मान आता कायमचीच तशी राहिली आहे. वळत नाही, वाकत नाही. कोणी हाक मारली तर ती अख्खी फिरते. आम्ही घरात यावर हसतो, तीही हसते.

परंतु माझी मुलगी कमल हिची सोयरीक ठरली त्या दिवशी आई बोलून गेली, ‘बाबा, समद्या गावाच्या वराती म्या नेल्या, पर एका बी नवरदेवाचं तोंड पायलं न्हाई. उजेड माझ्या डोक्यावर अन् नवरदेव माझ्या पाठीमागं.’ साहेब, ती हे रडून बोलली नाही. शेंगा फोडता फोडता बोलली.

२. माझे होणारे जावई चि. दिनकर हे पूर्णा येथे रेल्वेत नोकरीस असून वऱ्हाड शनिवारी दिवेलागणीच्या गाडीने चुडावा स्टेशनवर उतरणार आहे. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी आहे. मी ठरविले की, या वरातीत कोणाच्याही डोक्यावर बत्ती राहणार नाही. उजेड गाडीने वाहावा, आणि आईने गाडीत, नवरदेवासमोर बसून यावे. गाडी निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांची, जुनीच आहे. ती घेतली तेव्हा भाऊबंद म्हणाले, ‘सूर्यभान लय मोठा झाला, आता पायानं चालायचा न्हाई.’ तेही सहन केले. मोठेपणासाठी घेतली असती तर तिला ठेंगणी कशाला केली असती?

३. आता मूळ अपराधाकडे येतो. आईचे गुडघे गेल्याने तिला गाडीत पाय टाकता येईना. आमच्या गावचे बन्सीधर मिस्त्री यांना बोलाविले. ते इंजिन आणि मळणीयंत्र दुरुस्त करतात. मोटारीच्या खाली ते पूर्वी कधी शिरले नव्हते, हे त्यांनी मागाहून सांगितले. त्यांनी आईला अंगणात उभे करून पायाखाली विटा ठेवल्या. एका विटेवर पाऊल चढे. दुसऱ्या विटेला ‘अगं माय’ होई. त्या हिशेबाने त्यांनी पुढच्या स्प्रिंगांचे वेढे कापले, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांची काही पाने काढली, आणि गाडी जमिनीला आणून टेकवली म्हणा. पाय आत गेला. डोके दाराच्या वरच्या कडेवर आपटले, कारण आम्ही पायाचा विचार केला होता, मानेचा केला नव्हता. मग आईनेच तोड काढली. गाडीकडे पाठ करून ती ओट्यावर बसावी तशी सीटवर बसली, अंग मागे टाकले आणि तिच्या सुनांनी पाय उचलून आत घेतले. गाडी उंच असती तर हे जमले नसते, ही गोष्ट कृपया कागदावर यावी.

दिव्यांविषयी असे की, पुढच्या बंपरवर दोन मोठे दिवे, टपावर रंगीत बल्बांची माळ आणि आत छताला एक लहान बल्ब, एवढे लावले. गाडीच्या मूळ बॅटरीवर ते काजव्यागत मिणमिणू लागले म्हणून ट्रकची जुनी बॅटरी आणून डिकीत ठेवली. याशिवाय पुढची डावी सीट उलटी फिरवून बसविली आहे. सीटचा उल्लेख आपल्या मेमोत नाही, तरी मी लपवीत नाही. आईची मान वळत नाही, मग तिने मागे बसलेल्या नवरदेवाला पाहावे कसे? छताचा लहान बल्बही त्याच्याच तोंडावर उजेड पडावा म्हणून आहे. दिनकररावांना तो थोडा डोळ्यांत जाईल. त्यांना कळविले आहे, त्यांची हरकत नाही.

या सर्वांत आमची खरी चूक निराळीच झाली. उंची मोजली ती गाडी रिकामी असताना. आत माणसे बसणार, हे मिस्त्री, मी, माझे भाऊ, भोवती जमलेली निम्मी वस्ती, कोणाच्याही ध्यानात आले नाही. आमच्या लोकांनी आजवर वराती चालूनच नेल्या. गाडीत बसणाऱ्याचे वजन धरायची आम्हाला सवयच नाही, साहेब.

४. पुढचे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. सगळे घर आत घालून आम्ही स्टेशनच्या रस्त्याने चाचणी घेत होतो. दोन्ही चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागला, गाडी त्यावर बसली आणि चाके नुसतीच फिरू लागली. त्याच वेळी समोरून आपली जीप आली. धाकट्या भावाने मदत मागावी म्हणून मोठे दिवे लावले. आपल्या ड्रायव्हरचे डोळे दिपले व जीप बाभळीच्या कुपाटीत गेली. त्यांच्या हाताला काटे लागले त्याबद्दल मी तेव्हाही माफी मागितली, आताही मागतो. कुपाटीतून निघून आपण स्वतः खांदा लावून आमची गाडी ढकललीत, आईला ‘आजी, बसून राहा’ म्हणालात, आणि मग मेमो फाडून माझ्या हाती दिलात. दोन्ही गोष्टी मी सारख्याच लक्षात ठेवल्या आहेत. नोंदणीपुस्तक आपल्याकडे जमा असून, गाडी मूळ स्थितीत आणल्याखेरीज रस्त्यावर काढू नये असा आपला हुकूम आहे. हुकूम पाळला आहे. गाडी अंगणातच उभी आहे आणि तिच्यावर कोंबड्या बसतात.

५. मूळ स्थितीत आणावी तर कापलेली स्प्रिंग पुन्हा जोडली जात नाही. मिस्त्रींनी वेल्डिंग करून पाहिले; त्याविषयी न लिहिलेले बरे. नवीन स्प्रिंगा नांदेडहून मागविल्या आहेत. दुकानदार रोज ‘उद्या’ म्हणतो, आणि आमच्या कचेरीत ‘उद्या’ म्हणजे काय हे मीच लोकांना रोज शिकवितो. तरी लग्न झाल्याबरोबर गाडी उंच करून कॅम्पवर हजर करीन, असे लिहून देतो. तोवर खालीलपैकी आपणास जे मान्य होईल ते मान्य करावे.

(अ) बंपरवरचे दिवे काढून टाकतो. टपावरची माळही काढतो, मुली रुसतील, रुसोत. मूळचे दिवे आणि आतला लहान बल्ब ठेवू द्यावा.

(आ) रस्त्यातला उंचवटा वस्तीतल्या माणसांनी कुदळीने काढून मुरूम टाकला आहे. आपण येऊन पाहावे. रस्ता माझा नाही, मी विनापरवाना दुरुस्त केला, त्याचा मेमो वेगळा द्यावा.

(इ) गाडी चालेल ती बँडवाल्यांच्या मागे, त्यांच्या चालीने. तेवढेही धोक्याचे वाटत असल्यास इंजिन बंद ठेवतो व माणसे गाडी ढकलीत नेतील. इंजिन बंद असलेली, माणसांनी ढकललेली गाडी कायद्याने मोटार ठरते काय, याचे कृपया मार्गदर्शन व्हावे.

(ई) तीही मोटारच ठरत असेल तर पुढे चुलतभावाचे बैल जुंपतो. मग तिला बैलगाडी समजावे. बैलगाडीच्या छताला बल्ब असू नये, असा नियम असल्यास तो कळवावा. बैल नवे आहेत व बँडला बुजतात, ही अडचण मी आपणहून नमूद करीत आहे.

(उ) आणि बैलही चालत नसतील तर गाडी स्टेशनच्या आवारात नुसती उभी करू द्यावी. आई तिच्यात बसेल, दिनकरराव समोर बसतील, बल्ब लावू, तिचे बघून झाले की विझवू. गाडी जागची हलणार नाही. मात्र नेऊन उभी करण्यासाठी ती तिथवर कशी न्यावी, हा प्रश्न पुन्हा उरतोच. हे लिहिता लिहिता लक्षात आले. माझे डोके चालेनासे झाले आहे, माफी असावी.

६. ‘एका संध्याकाळचा प्रश्न आहे, कशाला एवढी धडपड?’ असे आपणास वाटणे शक्य आहे. गावातही तसेच वाटते. काल माणिकराव दारात आले. यांचे घर गावातले मोठे. आईने यांच्या घरच्या तीन पिढ्यांच्या वराती नेल्या आहेत. माणूस वाईट नाही. माझ्या गाडीची हकीकत ऐकून त्यांना खरेच वाईट वाटले. म्हणाले, ‘सूर्यभान, जिवाला घोर लावून घेऊ नको. ग्यास माझ्याकडून घेऊन जा, हवे तितके. डोक्यावर घ्यायला तुमच्या बायका हायतच की.’ मी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर कप विसळताना माझ्या हातून कपाचा कान तुटला. ते चांगल्या मनाने बोलले, हेच मला सोसत नाही. शिवी दिली असती तर मीही दिली असती आणि मोकळा झालो असतो.

आमच्या घरातले कोणी यापुढे ग्यास उचलणार नाही, हे मी वडील वारले तेव्हा बोललो होतो आणि आजवर पाळले आहे. सुनांना विचारले, त्या मान खाली घालून ‘तुमी म्हणाल तसं’ म्हणाल्या. म्हणजे उचलतील. वस्तीतल्या बायाही उचलतील, कमलवर सगळ्यांची माया आहे. पण मग मी काय केले? शिकलो, नोकरी धरली, गाडी घेतली, ती कापली, आणि शेवटी माझ्या लेकीच्या वरातीला उजेड कोणाच्या तरी आईच्या डोक्यावरूनच आला. याहून पुरेसे कारण मला लिहिता येत नाही.

७. आता शेवटची बाब, जिच्यासाठी हा अर्ज टपालाने न पाठविता मी स्वतः घेऊन आलो असून बाहेर आपल्या शिपायाजवळ उभा आहे. माणिकराव बोलत होते ते आईने आतून ऐकले. रात्री जेवताना ती सगळ्यांदेखत म्हणाली, ‘सुनांना कशाला? नातीची वरात अंधारात न्यायची न्हाई. ग्यास मीच घेते. माझी मान अजून ताठ हाय.’ सगळे हसले. ती हसली नाही. आज सकाळी मी उठलो तो ती अंगणात, त्याच गाडीच्या बाजूने, भरलेली घागर डोक्यावर घेऊन, मोडक्या गुडघ्यांनी इकडून तिकडे चालत होती. पाणी सांडत नव्हते. मी ‘आई’ म्हणालो. तिने मागे पाहिले नाही, कारण तिला पाहता येत नाही. म्हणाली, ‘थांब, फेरी पुरी होऊ दे.’

तिला अडविण्याचे माझ्या अंगात बळ नाही. लहानपणापासून नव्हते. शनिवारी गाडी अंगणातच राहिली तर आई ग्यास घ्यायला स्टेशनवर जाईल, हे मी आपणास खात्रीने लिहून देतो.

तरी विनंती की, परवानगी द्यावयाची असल्यास याच अर्जावर सही करून माझ्या हाती द्यावी. नाकारावयाची असल्यास कागद खर्च करू नये. पेटलेला ग्यास जड असतो. बाईला तो एकटीने डोक्यावर घेता येत नाही, समोरून दुसऱ्या कोणीतरी दोन्ही हातांनी उचलून ठेवावा लागतो. शनिवारी दिवेलागणीला आपण स्टेशनवर यावे आणि तो तिच्या डोक्यावर आपल्या हातांनी ठेवावा. मी ठेवणार नाही.

कळावे, बाहेर उभा असलेला,

सूर्यभान लिंबाजी वाव्हळ
मु. पो. चुडावा
दि. २६ एप्रिल १९७८

सोबत : लग्नपत्रिका. आपल्या नावाची, सहकुटुंब.