शाळूवर न दिसलेला ठिपका

सोमवार, १५ सप्टेंबर. संध्याकाळ.

आज सारोळ्याला आत्याकडे गेले. पेरणीसाठी राखलेल्या शाळू ज्वारीच्या डब्यात सोंडे किडे वळवळत होते. मूठभर दाणे पाण्यात टाकले, तर बहुतेक वर तरंगले. आतून पोकळ.

आणि हे बी मीच गेल्या महिन्यात निवडून दिलं होतं. "स्वच्छ आहे," म्हणून.

चूक कळतेय. शाळेत जायच्या आधी आईनं मला पावटा निवडायला शिकवलं. भुंगा दाण्याला बाहेरून अंडं चिकटवतो; पांढरा ठिपका दिसला की दाणा बाजूला. मी शाळूतही तोच ठिपका शोधत बसले. सोंडा दाणा कोरून अंडं आत घालतो आणि वरून भोक बुजवतो. हे मी वाचलेलं होतं. तरी ठिपका नाही म्हणजे कीड नाही, असं का धरलं? तेव्हाच एक मूठ पाण्यात टाकायला काय झालं होतं?

आत्याच्या सासऱ्यांपासून चालत आलेलं बी. गावात आता सगळे पिशवीतलं विकतचं पेरतात.

"आत्या, अडीनडीला थोडं बी वेगळं ठेवलं होतं ना?"

"व्हतं की. तू चांगलंय म्हनलीस, म्हून म्या ते दळून आनलं." मग मला बरं वाटावं म्हणून हसली. "गौरी आल्या त्या दिशी तूच न्हाई का खाल्ल्यास त्याच्या भाकरी?"

खाल्ल्या. गोड लागली म्हणून तिसरी मागून घेतली होती.