मुक्काम: हृषीच्या दाराशी

बॉबलिंगेन,
रविवार, १८ नोव्हेंबर २००७

ती. अहिल्यावन्संना मनोरमेचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच वाकून, उरलेला मनाने).

तुमचा गुडघा, तुमचं ब्लडप्रेशर आणि तुमची भिशी, तिन्ही ठीक चालू असतील अशी आशा आहे. विलास आणि सूनबाई तुमच्या मर्जीत असतीलच, नसले तर तुमच्या पुढच्या पत्रात त्यांचं नाव शोधूनही सापडणार नाही. इकडे आम्ही खुशाल. तुमच्या बंधूंची तब्येत उत्तम, भूक उत्तम, आणि मतं तर रोज नवी फुटतात. भाऊबीजेला फोनवर तुम्ही त्यांना म्हणालात, "राजा, मुलाच्या दाराशी पडून राहू नकोस, ऊठ, जग बघ." त्या एका वाक्याने इकडे काय झालं ते तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र लिहितेय. पण सुरुवातीपासून सांगायला हवं, कारण यांनी तुम्हाला सांगितलेलं आणि इथे घडलेलं यांत बरंच अंतर आहे (प्रवासाच्या बाबतीत म्हणाल तर तेवढंसं कापलेलं नाही).

हे रिटायर झाले तेव्हा आम्ही स्टुटगार्टचं भाड्याचं घर सोडलं. तीस वर्षं त्याच चढावर, त्याच तिसऱ्या मजल्यावर पिशव्या वाहिल्यावर मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. हृषिकेश म्हणाला, आता बॉबलिंगेनला आमच्याकडेच या. ऊर्मिलाही म्हणाली (म्हणण्याआधी घोटभर पाणी प्यायली, पण म्हणाली). यावर यांनी उभं राहून जाहीर केलं की आपण मुलाच्या घरात राहणार नाही, कोणावर भार होणार नाही, आपलं घर आपल्याबरोबर फिरेल आणि आपण युरोप पाहू. दुसऱ्या आठवड्यात एका म्हाताऱ्या बेकरीवाल्याकडून हे वोनमोबिल घेऊन आले. वोनमोबिल म्हणजे मोटारीवर बसवलेलं घर. त्यात दोन चुली आहेत, एक पलंग आहे, उघडलं की अंगावर येणारं एक फडताळ आहे, आणि एक संडास आहे, ज्याचा डबा आपणच उचलून नेऊन रिकामा करायचा असतो. जन्मभर इंजिनांचे सुटे भाग डिझाइन केलेला माणूस तो डबा अंगापासून लांब धरून, मान दुसरीकडे वळवून चालत जातो, तेव्हा यांचा स्वाभिमान मला अगदी जवळून दिसतो.

आता युरोपाचं ऐका. जूनमध्ये इटलीला निघालो. बोडनसे नावाचं मोठं सरोवर आहे, तिथवर पोचलो, मी भाताला पाणी घातलं, आणि फोन आला की शमिकाचा पहिला दात पडला. नातीचा पहिला दात पडला असताना पुढे जाणारे आजोबा निराळे. भात परत येऊन बॉबलिंगेनलाच खाल्ला. ऑगस्टमध्ये पॅरिसला निघालो. कायझर्सलाउटर्नपर्यंत सगळं सुरळीत होतं, पण तिथे युनिव्हर्सिटीच्या बाजूला गाडी लावून हे पाय मोकळे करायला उतरले ते पायरीऐवजी हवेतच उतरले. पाय मुरगळला. दोन मराठी विद्यार्थी धावत आले, त्यांनी यांना उचलून आत ठेवलं, आणि मग आमच्याच चुलीवर केलेले पोहे खाऊन गेले. गाडी परत न्यायला हृषीला ट्रेनने यावं लागलं. तुम्हाला आलेलं पॅरिसचं कार्ड स्टुटगार्ट स्टेशनवरच्या दुकानातलं आहे (चित्र सुंदर होतं म्हणून घेतलं, असं हे म्हणतात). तेव्हा भिशीत तुम्ही "आमचा राजा स्वतःच्या मोटारघरातून युरोप पालथा घालतोय" असं सांगता ते जरा आवरतं घ्या. ऑगस्टपासून मोटारघर हृषीच्या इमारतीसमोर, फुटपाथला टेकून उभं आहे.

आणि कसं उभं आहे? हृषीच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक लांब वायर आमच्या गाडीत येते, कारण स्वाभिमानाला वीज लागते. आंघोळ त्यांच्याकडे, धुणं त्यांच्या मशीनमध्ये, आणि संध्याकाळचा डबा त्याच खिडकीतून इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे, ज्या दिवशी जिच्या हातची भाजी बरी झाली असेल त्याप्रमाणे. ऊर्मिला सॉफ्टवेअरच्या नोकरीतून सातला येते, तोवर शमिका आमच्या पलंगावर उड्या मारते. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि दोघींना सगळं कळतं. यांचं मात्र म्हणणं कायम आहे की आपण मुलाकडे राहत नाही. रोज सकाळी ऑफिसला जाताना हृषी आमच्या पत्र्यावर दोन थापा मारतो. हे आतून ओरडतात, "पत्रा बसेल रे!" असा यांचा दिवस सुरू होतो.

या सगळ्याला दृष्ट लागली ती माझ्यामुळे, हे मी कबूल करते. वसुबारसेला सकाळी मी तुम्ही दिलेल्या खराट्याने गाडीच्या पायरीपुढचा फुटपाथ झाडला आणि छोटीशी रांगोळी काढली. एवढंच. पण वन्सं, या भागात केरवोखे नावाचा एक प्रकार आहे (यातला केर आपलाच असावा असं मला तीस वर्षं वाटतंय). इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने एकेक आठवडा जिना, तळघर आणि पुढचा फुटपाथ झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी. मोलकरीण ठेवलेली चालत नाही असं नाही, पण मग शेजारणी जिन्यात हळू आवाजात बोलतात. त्या आठवड्यात पाटी पहिल्या मजल्यावरच्या फ्राऊ बॉयर्ले यांच्या दारावर होती. ऐंशीच्या पुढच्या विधवा बाई, पाठ ताठ, आणि त्यांचे खिडकीतले जिरेनियमसुद्धा रांगेत फुलतात. त्यांच्या आठवड्यात दुसऱ्या कोणी फुटपाथ झाडणं म्हणजे त्यांना नीट झाडता येत नाही असं गावभर सांगणं. आणि वर पांढरी भुकटी टाकणं म्हणजे, छे, त्याला जर्मनमध्येसुद्धा शब्द नसावा. अशी ही चूक मी सणासुदीला आंघोळ करून केली.

दुपारी महापालिकेच्या शिस्तखात्याची दोन तरुण माणसं आली. फार सभ्य. म्हणाली, गाडी उभी करा, हरकत नाही, पण रस्त्यावर गाडीत झोपायचं तर चालकाला पुन्हा गाडी चालवण्याचं बळ येईपर्यंतच झोपता येतं, असा नियम आहे. हे ताबडतोब म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर! मी तेच करतोय. सहासष्टाव्या वर्षी बळ यायला वेळ लागतो." ती माणसं हे लिहून घ्यावं की काय या विचारात असताना शमिका खिडकीतून ओरडली, "आजोबा श्लेफ्ट इमर हिअर!", म्हणजे आजोबा रोजच इथे झोपतात. झालं. घरमालकाचा हृषीला फोन आला: फ्राऊ बॉयर्ले यांची तक्रार राहिली, तर अठरा तारखेच्या रविवारपर्यंत गाडी इथून गेली पाहिजे. आजचाच तो रविवार.

त्या संध्याकाळी ऊर्मिला चकल्या तळत होती. हृषी म्हणाला, बाबा, आत या ना राहायला. हे म्हणाले, नाही. आणि नेमका भाऊबीजेला तुमचा तो फोन आला. वन्सं, हा माणूस माझं ऐकत नाही, मुलाचं ऐकत नाही, गाडीतला तो बाईच्या आवाजात रस्ता सांगणारा डबा आहे त्याचं तर मुळीच ऐकत नाही. पण तुमचा शब्द म्हणजे यांना आजही चड्डीत असल्यासारखा लागू होतो. फोन ठेवला आणि म्हणाले, "ठरलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी स्पेन. थंडीभर तिकडेच. ताईने सांगितलंय." स्पेनच्या किनाऱ्यावर म्हणे जर्मन पेन्शनर शेकड्यांनी गाड्या लावून बसतात आणि संध्याकाळी एकमेकांना आपापल्या शस्त्रक्रिया सांगतात. तिथे मी मार्चपर्यंत बसायचं, आणि शमिका परत दिसेल तोवर तिचे पुढचे चारही दात पडून नवे आलेले असतील. (तुमचं वेगळं आहे. तुम्ही विलासच्या घरी राहत नाही, विलास तुमच्या घरी राहतो. जग बघायला तुम्हाला कपाटाची किल्ली पुरते.)

मग सोमवारी पाटी हृषीच्या दारावर आली. आजवर त्यांची पाळी कशी व्हायची ते मला तेव्हा कळलं. हृषी शनिवारी अंधारात येऊन झाडू फुटपाथला दाखवायचा आणि आत जायचा. मी म्हटलं, जायचंच आहे तर निदान नावं तरी ठेवून घेऊ नयेत. खराटा काढला. जिना झाडला, पुसला, कठड्याच्या गजांमधून फडकं फिरवलं, तळघराच्या पायऱ्या घासल्या, कचऱ्याच्या डब्यांची तोंडं एका बाजूला केली, आणि फुटपाथवरचं पान न् पान उचललं. वर पडदा हलत होता. मी तिकडे पाहिलं नाही. पण माझी जीभ काही गप्प बसत नाही, आणि हातही नाही. सगळं झाल्यावर, आता माझाच आठवडा आहे म्हणून, मी पुन्हा एक रांगोळी काढली.

फ्राऊ बॉयर्ले खाली आल्या. त्यांनी कठड्यावरून बोट फिरवलं, बोट चष्म्यापाशी नेलं, आणि म्हणाल्या, "एन्डलिश", म्हणजे एकदाचं! मग रांगोळीकडे बोट करून विचारलं की हे विष मुंग्यांसाठी आहे का. मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की झाडून स्वच्छ केलेल्या जागेवरच हे काढतात, केरावर काढत नाहीत. वन्सं, त्या बाईंचा चेहरा बदलला. आल्झो, म्हणजे अस्सं, म्हणाल्या, हे झाडल्याची खूण आहे तर! त्यांच्या ऐंशी वर्षांच्या आयुष्यात हीच एक त्रुटी होती बहुतेक, की झाडून झाल्यावर झाडलंय हे रस्त्याने जाणाऱ्याला कसं कळावं. मी सरस्वती काढते, लक्ष्मीची पावलं काढते, त्यांना त्यात फक्त दाखला दिसला, आणि तो पसंत पडला. माझ्या आठवड्यातही काढून द्याल का, म्हणाल्या, मात्र कडा सरळ हव्यात.

काल संध्याकाळी हृषीची पाळी संपली. पाटी नियमाप्रमाणे दुसऱ्या मजल्यावर जायची. ती गेली नाही. दार उघडलं तर आमच्या गाडीच्या मुठीला पाटी लटकत होती. फ्राऊ बॉयर्लेंनी तक्रार मागे घेऊन घरमालकाला कळवलं होतं की फुटपाथ हे लोक वापरतात, तर एक आठवडा यांच्यावर असायलाच हवा, आणि ज्याच्यावर आठवडा आहे त्याला घालवता येत नाही. हे पाटी पाहून भडकले, म्हणाले, निवृत्त इंजिनियरला झाडू मारायला लावतात! मी मात्र ती पाटी हातात घेऊन पायरीवर बसले आणि चक्क रडले. तीस वर्षांत या देशाने मला पासपोर्ट दिला, पेन्शनचा कागद दिला, पण तू इथली आहेस असं कोणी माझ्या दारावर टांगलं नव्हतं. खिडकीत शमिका दात घासत उभी होती, तोंडभर फेस. मला एवढं पुरतं, वन्सं. मला स्पेन नको.

असो. फार लांबलं. विलासला, सूनबाईंना आशीर्वाद, आणि तुमच्या गुडघ्याला तेल.

तुमची भावजय,
मनोरमा

ता. क. रांगोळीच्या पुड्या पाठवा. पांढरीच. रंगीत फ्राऊ बॉयर्लेंना पसारा वाटतो.

आणखी ता. क. पत्र खरं याच्यासाठी. डिसेंबरच्या आत यांना फोन करा आणि सांगा की जायचं नाही. काहीही कारण सांगा, तुम्हाला स्वप्न पडलं म्हणा. मी सांगितलं असं मात्र म्हणू नका.

ता. क. (राजाभाऊंचा). ताई, सा. न. पत्र पोस्टात टाकायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं (चुलीवरच्या वाफेने कधीकधी असं होतं). पहिली गोष्ट, कायझर्सलाउटर्नला मी पडलो नाही, पायरी ओली होती. दुसरी, गाडी डिसेंबरात कुठेही जाणार नाही, कारण तिची बॅटरी मी ऑक्टोबरातच काढून हृषीच्या तळघरात लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवली आहे. हिला प्रवासाची हौस आहे असं मी समजत होतो. तीस वर्षं "आपण काही पाहिलंच नाही" असं ऐकत आलो. म्हणून तर गाडी घेतली. स्पेनमध्ये सकाळी पत्र्यावर थापा कोण मारणार? पण मी एकदा जाहीर केलंय, आता मलाच माघार घेता येत नाही. तेव्हा तू फोन कर आणि मला चांगलं खडसाव. मात्र आवाज जरा मोठा ठेव. ही फोनच्या शेजारीच उभी असते, आणि मी केवळ तुझ्या धाकाने थांबलो, हे तिला नीट ऐकू गेलं पाहिजे.