सरावाचा डोळा

३ जून
पोचले एकदाची! खोली छोटीशी, पण खिडकी मोठी, आणि समोरच डोळ्यांचं हॉस्पिटल. तिथली सरावाची खोली तर फारच आवडली. मायक्रोस्कोपखाली रबरी साच्यात प्लॅस्टिकचा डोळा बसवायचा, कडेला बारीक छेद द्यायचा, भिंगावरचं आवरण गोल सोलायचं आणि गढूळ भिंग बाहेर काढायचं. मोतीबिंदूचं हे काम बाबांनी, तेही डोळ्यांचेच डॉक्टर, मला घरीच शिकवलं, टोमॅटोची साल सोलायला लावून. आता त्यांनाच मोतीबिंदू झालाय. त्यांचा एक डोळा कधीच गेला, उरलाय तो हाच. इथे मला शिकवणाऱ्या सरांना त्यांनी ठणकावून सांगितलंय, हात लावेल तर माझी पोरगीच.

५ जून
बाबांची शिस्त अशी की डोळा कुणाचाही असो, आधी भुलीचे थेंब. मी सवयीने प्लॅस्टिकलाही घातले. सरांनी नेमकं पाहिलं. म्हणाले, अहो डॉक्टरीणबाई, शुद्धीवर आला की चहाही पाजा त्याला! सगळे खो खो हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्यापासून थेंब बंद.

६ जून
थेंब न घालता छेद दिला. डोळा दचकला. माझाच हात हलला असेल. पण दिवा वाढवला तशी बाहुली आकसली. ती तर रंगवलेली आहे.

८ जून
आज घाईत भिंगामागचा पडदा फाटला. आतून पाणी आलं. कोमट. तेवढ्यात बाबांचा फोन. म्हणाले, आत्ताच डोळ्यात काहीतरी टचकन फाटलं गं.

९ जून
डोळा कपाटात कोंडला. लगेच बाबांचा फोन, पोरी, मला काहीच दिसत नाहीये. धावत जाऊन कपाट उघडलं. म्हणाले, हां, आला उजेड. सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तू थोडे दिवस रजा घे.

११ जून
बाबांना दाखल केलं. सरावाच्या खोलीला लागूनच त्यांची खोली. सरांनी तपासलं आणि त्यांचा चेहराच उतरला. कुणी हात न लावता पडदा फाटलाय, भिंग मागे घसरतंय. उद्या ते स्वतः शस्त्रक्रिया करणार. पण तिथे करून काय उपयोग? फाटलंय ते इथे, माझ्यापुढे —

१२ जून
दार आतून लावलंय. उजवा हात कामात, डाव्याने लिहितेय. मला काही झालं तर कृपा करून हा डोळा फेकू नका —

थेंब घातले. माफी मागितली. भूल चढत नाही.

छेद उघडला. भिंतीपलीकडे बाबा किंचाळले. त्यांना अजून कुणी हातही लावलेला नाही, डोळ्यावर पट्टी आहे —

भिंग बुडतंय. धरलं. निसटलं —

बाबा शांत झाले. पलीकडून म्हणताहेत, दिसतेयस मला. किती घाम आलाय तुला. सावकाश, पोरी.

दार तोडताहेत —

आलं वर. जरासंच —

बाबा ओरडताहेत, सर तुझ्या मागे आलेत, हात ओढू देऊ नकोस, चिमटा अजून माझ्या —