दोन-चारचा हात

कुरुंदवाड,
ता. ७ ऑक्टोबर, मंगळवार
कोजागिरीचा दुसरा दिवस

सौ. त्रिशला हिस,

जय जिनेंद्र आणि रामराम. आधी तुमच्यातला नमस्कार, मग आमच्यातला. तुझा गुडघा काय म्हणतो? आमच्याकडं सगळं ठीक. म्हशीला रेडी झाली, यांचा खोकला थंडीच्या आधीच सुरू झाला, आणि काल गच्चीवर दूध आटवताना माझं निम्मं पातेलं उतू गेलं. एवढी सगळी खबर.

पत्र बघून तू हसशील. दोन गल्ल्या सोडून तुझं बांगड्यांचं दुकान, आणि ही बाई कागद काय पाठवते! अगं, दोनदा आले होते. एकदा दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून परतले आणि एकदा दुकान रिकामं होतं म्हणून परतले. फोन करावा तर माझा आवाज तुला माहीत आहे. मी नुसतं "जेवलीस का" विचारलं तरी शेजारपाजारचे भांडण बघायला दारात येतात. म्हणून हा कागद. सातवीला बाईंनी पत्र शुद्ध लिहायला शिकवलं होतं, तेव्हा शुद्ध लिहायला बघते. मध्येच जीभ घसरली तर सांभाळून घे.

तू क्रांतीला रोज फोन करतेस ते मला कळतं. मी स्वयंपाकघरात गेले की माझी सून आवाज बारीक करते. "व्हय मावशी, गोळी घेतली. न्हाय मावशी, डोकं न्हाय दुखत." कान शाबूत आहेत माझे. एकदाही मी तिला विचारलं नाही की मावशीनं माझी चौकशी केली का. केली नसशील. मी तरी कुठल्या तोंडानं विचारू?

बाळ छान आहे. जन्मली तेव्हा एक किलो सहाशे होती, परवा काट्यावर दोन किलो सातशे भरली. रडायला लागली की गल्ली गोळा करते. हे म्हणतात, आजीवर गेली. क्रांतीचं बीपी काल एकशे अठ्ठावीस खाली चौऱ्याऐंशी. मशीन आता घरातच आहे, पट्टा मीच बांधते. आणि ऐक गंमत. दवाखान्यात त्या डॉक्टरणीनं सहज म्हणून माझ्या दंडाला पट्टा बांधला, तर माझंच एकशे सत्तर! म्हणाली, "आजी, तुम्हाला राग येतो का हो फार?" मी म्हटलं, "कोण म्हणतंय?" आणि इतक्या जोरात म्हटलं की शेजारच्या खाटेवरची बाई दचकली. आता मलाही रोज एक गोळी आहे. लोणचं बंद. पापड बंद. बाकी जगणं चालू.

बारसं रविवारी आहे, बारा तारखेला. तुझ्याकडं एक काम आहे, ते शेवटी सांगते. आधी त्या दिवसाचं बोलू दे.

श्रावणातला शेवटचा शुक्रवार. नदीचं पाणी उतरलेलं, ऊन पडलेलं. क्रांतीला सातवा सरून आठवा लागलेला. अंगणात पन्नास बायका, झोपाळा सजवलेला, माझी सून फुलांचे दागिने घालून बसलेली. मी सगळ्यांना सांगत सुटले होते, बघा कशी भरलीय, तोंडावर कसं तेज आलंय, घरचं तूप आहे माझ्या. तू पेटी उघडून पुढं बसलीस. तिचा हात हातात घेतलास, बोटं चाचपलीस, एक बांगडी चढवून बघितलीस आणि थांबलीस.

"आक्का, पोरीचा हात दोन-चारच्या मापाचा. तिसऱ्या महिन्यात चोरचोळीला मीच भरलाय. आज दोन-आठची बांगडीबी चढंना."

"बाळसं धरलंय तिनं. तुझ्या डोळ्यात खुपतंय व्हय?"

तू तिच्या हातावर अंगठा दाबलास आणि उचललास. कणकेत बोट रुतावं तसा खड्डा राहिला. कितीतरी वेळ भरला नाही. तू मला न विचारता तिलाच विचारलंस, "डोकं दुखतंय का गं? डोळ्यांम्होरं काय चमकतंय?"

क्रांती खाली मान घालून म्हणाली, "सकाळधरनं दुखतंय मावशी. काजवं दिसतात."

आणि तू बांगड्या पेटीत परत ठेवल्यास. "आज मी हिचा हात भरणार न्हाय. हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

सवाष्णीचा हात धरलेली कासारीण तो मोकळा सोडत नाही, तोही ओटीच्या दिवशी. पन्नास बायका माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी जे बोलले ते तुला पाठ असेल, तरी लिहिते, कारण माफी मागायची तर काय बोलले ते लपवून मागू नये. मी म्हटलं, "ए कासारणी, बांगड्या भरायचं काम तुझं, डाक्टरकी नगं. भरायच्या असल्या तर भर, न्हाईतर ऊठ माझ्या दारातनं. परत पाय ठेवायचा न्हाय."

तू उठलीस. मला वाटलं, गेली. पण तू तिचा हात सोडलाच नव्हतास! फुलांचा मुकुट डोक्यावर, हिरवं लुगडं, तशीच तिला घेऊन निघालीस. ऋतुराजला म्हणालीस, "आईचं तोंड काय बघतोस? रिक्षा आण." आणि माझा लेक, जो मला विचारल्याशिवाय मिशी कापत नाही, तो पळाला की गं रिक्षा आणायला!

मी मागनं आले ती भांडायलाच. सरकारी दवाखान्याच्या दारात पोहोचले तर आत सिस्टर पट्टा सोडून परत बांधत होत्या. पहिल्यांदा एकशे ऐंशी खाली एकशे सोळा. दुसऱ्यांदा तेच. त्यांनी लघवी तपासली, इंजेक्शन दिलं, गाडी बोलावली. तोवर माझं तोंड बंद झालं होतं. गाडीत क्रांतीच्या उशाशी तू बसलीस, तिच्या अंगावरचे फुलांचे दागिने एकेक काढत होतीस. कोल्हापूर येईपर्यंत मी तुझ्याकडं बघितलं नाही, तू माझ्याकडं बघितलं नाहीस.

तिथं आत नेताना नर्स म्हणाली, जुन्या बांगड्या निघत नाहीत, फोडाव्या लागतील. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, एवढ्या रिवाजाची मी. आणि मी स्वतः त्या पाचही बांगड्या खाटेच्या दांड्यावर वाढवल्या. तू माझ्या हातातल्या काचा पदरात घेतल्यास.

दुसऱ्या दिवशी सिझर केलं. बाळ बावीस दिवस काचेच्या पेटीत होतं. क्रांतीला दोन दिवस आम्हाला भेटू दिलं नाही. ती डॉक्टरीण, माझ्या सुनेच्याच वयाची, मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, वेळेत आणलंत. आणखी थोडा उशीर झाला असता तर झटके आले असते. मग आई आणि बाळ दोघांचंही अवघड होतं. कोणी ओळखलं हो?"

मी म्हटलं, "आमच्या गावात एक त्रिशला आहे. ती बांगड्या भरते."

आयुष्यात पहिल्यांदा तुझं नाव माझ्या तोंडातनं गेलं, तेही परक्या बाईसमोर. तुझ्या तोंडावर आजवर नुसतं "ए कासारणी."

घरी आल्यावर मी आपल्या सिस्टरांना भेटले. पेढे घेऊन गेले होते. त्या म्हणाल्या, "पेढे मला कशाला? कासारीण मावशींना द्या. मी आल्यापासून त्यांनी चौदा बायका पाठवल्यात माझ्याकडं. आम्ही महिन्यातनं एकदा बघतो. त्यांना चोरचोळीपासूनचं प्रत्येकीच्या हाताचं माप पाठ असतं. माप बदललं की बाई दारात उभी." मी विचारलं, चौदापैकी किती खऱ्या? म्हणाल्या, "नऊजणींना बीपी निघालं. बाकीच्या पाच नुसत्या जाड झाल्या होत्या, आणि मावशींवर चिडल्या होत्या."

नऊ गं त्रिशला! नऊ घरं. आणि एकाही घरात जाऊन तू "मी वाचवलं" म्हणाली नाहीस. मी एक वाटी आमटी दिली तरी वर्षभर बोलून दाखवते. गावात लोक माझ्या आवाजाला भितात म्हणून मी स्वतःला मोठी समजत होते. खरा जोर तुझ्या अंगठ्यात आहे, बाई.

आता पुढचं. इथपर्यंत लिहिलं ते सोपं होतं. मध्ये उठून दोनदा चहा केला.

क्रांतीचं डोकं त्या दिवशी दुखायला लागलं नव्हतं. चार दिवस दुखत होतं. तिनं मला सांगितलं होतं. मी म्हणाले, "मोबाईल कमी बघ." त्या महिन्यात तपासणीची तारीख होती, तीही मीच चुकवली. "ओटीभरण होऊ दे, मग जा. पाव्हणं येणार हाईत," म्हणाले. हे ऋतुराजला माहीत नाही. क्रांतीला माहीत आहे, आणि तिनं आजवर तोंडातनं काढलं नाही. सुनेनं सासूला असं झाकावं आणि सासूनं ते झाकू द्यावं, यासारखी लाज नाही. बारशाआधी ऋतुराजला मी सांगणार आहे.

आणि मी एवढी का पेटले, तेही तुला ठाऊक आहे. मी तुझ्यावर चिडले नव्हते. तू क्रांतीचा हात धरलास, ती बांगडी बोटांच्या सांध्यावर अडकली आणि मला शालन दिसली.

चौतीस वर्षं झाली. माझी थोरली बहीण, इथंच आमच्या माहेरी बाळंतपणाला आलेली, अशीच सुजलेली. आई म्हणायची, पाय सुजले म्हणजे मुलगा. शालन मला म्हणायची, बायडे, डोळ्यांपुढं काजवं चमकतात गं. मग तिला झटके आले, तर आण्णांनी देवरुषी बोलावला. बाहेरचं लागलंय म्हणून लिंबं कापली, अंगारा लावला. दुपारपर्यंत ती गेली, पोटातलं बाळही गेलं. सवाष्ण गेली म्हणून चुडा भरायला तुझ्या सासूला बोलावणं गेलं. तू नवी नवरी होतीस, पेटी धरून मागं उभी. सासूनं साबण लावला, तेल लावलं, चुडा चढेना. मी सासूच्या हातातनं बांगडी घेतली आणि जोर केला. ती माझ्या हातात वाढली.

तुझी सासू म्हणाली, "ऱ्हाऊ दे पोरी. तिला दुखवू नगं." मेलेल्या माणसाबद्दल असं म्हणाली ती. मी शालनचा हात पदराखाली झाकला आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, चुडा भरला. माझी बहीण मोकळ्या हातानं गेली हे तिघींनाच ठाऊक. तुझी सासू ते घेऊन गेली. राहिलो आपण दोघी.

तेव्हापासून तू समोर आलीस की मला तो हात दिसायचा, म्हणून मी तुला टोचून बोलायचे. तुला वाटलं असेल, या बाईचा स्वभावच असा. आहेच तसा. पण तुझ्या वाट्याला जरा जास्त आला. आणि तू मात्र त्या एका हातापासून शिकलीस. मी तोच हात विसरायला बघत होते आणि तू गावातल्या प्रत्येक पोरीच्या मनगटावर तोच शोधत होतीस. मला हे दवाखान्याच्या बाकावर कळलं. तिथं बसून मी इतकी रडले की सफाईवाल्या बाईनं पाणी आणून दिलं.

आता काम सांगते. तुझी बांगड्यांची पेटी त्या दिवशी आमच्या अंगणातच राहिली, ती अजून माझ्याकडं आहे. ऋतुराज तीनदा म्हणाला, मावशींना देऊन येतो. मी दिली नाही. पेटी गेली असती तर तुला माझ्या दारात बोलवायला मला निमित्त काय राहिलं असतं? रोज पुसून ठेवते, एक काच हलली नाही.

क्रांतीचा हात श्रावणापासून मोकळा आहे. दुसऱ्या कुणाकडनं मी भरू दिला नाही. सूज उतरलीय, परत दोन-चारचा झालाय, पण मला काय कळतंय! तू बघ, अंगठा दाबून बघ, आणि मग भर. बाळाच्या हातात काळ्या मण्यांची मनगटी पहिल्यांदा तूच घालायची. पाळण्यात नाव आत्या सांगेल, पण कानात आधी तू सांग. नाव शालन ठेवतोय. क्रांतीनंच काढलं. मी तिला परवा सगळं सांगितलं.

आणि निघताना पेटीतनं एक हिरवा चुडा वेगळा काढून ठेव. बायका गेल्या की आपण दोघी घाटावर जाऊ आणि तो नदीला वाहू. माप तुला सांगायला नको. शालनचाही हात दोन-चारचाच होता.

जिला तू चौतीस वर्षं पदराखाली झाकलंस ती,
तुझी
बायडाआक्का